कोणता दोर टिकावा, कोणता सुटावा

1967 च्या उन्हाळ्यात शिकागोचे किनारे मेलेल्या माशांनी भरून गेले. एलवाइफ नावाचा वीतभर लांबीचा चंदेरी मासा लेक मिशिगनमधून अफाट संख्येने वाहून येत होता आणि वाळूवर सडत होता. दुर्गंधीमुळे लोकांनी किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि माशांचे ढिगारे उचलायला यंत्रे लावावी लागली. हा मासा मूळचा अटलांटिकचा. नायगाऱ्याच्या धबधब्याने त्याची वाट युगानुयुगे अडवून धरली होती. 1829 मध्ये खुला झालेला वेलंड कालवा धबधब्याला वळसा घालून गेला आणि ती अडवणूक संपली. 1949 मध्ये एलवाइफ लेक मिशिगनमध्ये पोहोचल्याची नोंद आहे. त्याच्या आधीच तिथे शिरलेल्या लॅम्प्री या रक्तपिपासू जिवाने आणि बेसुमार मासेमारीने सरोवरातले मोठे ट्राउट संपवत आणले होते. एलवाइफला खाणारे कोणी उरलेच नव्हते.

यावर उपाय सुचवला हॉवर्ड टॅनर यांनी. 1964 मध्ये ते मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी प्रशांत महासागराकाठच्या ऑरेगनमधून कोहो सॅमनची अंडी मागवली. 1966 च्या वसंतात बोटाएवढी वाढलेली पिल्ले प्लॅट नदीत आणि आसपासच्या प्रवाहांत सोडली गेली. एलवाइफची मेजवानी समोर होतीच. दीड वर्षात तीच पिल्ले चार-पाच किलोंचे मासे होऊन नदीच्या तोंडाशी परतली. 1967 च्या सप्टेंबरात ही बातमी पसरली आणि मिळेल ती होडी गाडीमागे जोडून माणसे प्लॅटच्या उपसागराकडे धावली. कोणाकडे डबक्यात बदके टिपायला वापरायची छोटी नाव होती, तर कोणाकडे नुसती कॅनू.

23 सप्टेंबरला वादळ आले. धोक्याचा इशारा देऊनही शेकडो होड्या पाण्यात होत्या. लाटा उठल्या तशा होड्या भरू लागल्या, उलटू लागल्या, किनाऱ्यावर आपटू लागल्या. सात मच्छीमार बुडाले. ज्या माशाने मिशिगनच्या पडक्या बंदरगावांत पैसा आणला, त्याच्या पहिल्याच हंगामाची ही किंमत होती.

तिथून पुढे या सरोवरावर दोन प्रश्न शेजारीशेजारी उभे राहिले. एक, मासा गाठायचा कसा? दुसरा, होडी सांभाळून परत आणायची कशी? बाजारात या दोन प्रश्नांची सामग्री वेगवेगळ्या फळ्यांवर मांडलेली असते: एका बाजूला गळ, दोऱ्या, रीळ, दुसऱ्या बाजूला नांगर आणि जाड दोरखंड. पाण्यावर मात्र ती सगळी एकाच होडीवर, हाताच्या अंतरावर असते. प्रत्येक दोराकडून वेगळे काम हवे असते. एकाने ताणावे, एकाने मुळीच ताणू नये, एकाने वेळ आली की सुटावे. अपघात बहुतेक तेव्हा होतात, जेव्हा एका दोराचे काम दुसऱ्यावर टाकले जाते.

आधी माशाचा प्रश्न घेऊ. उन्हाळ्यात लेक मिशिगनचे वरचे पाणी वीस अंशांच्या आसपास तापते आणि हलके होऊन वरच राहते. खालचे थंडगार पाणी त्यात मिसळत नाही. दोहोंच्या मध्ये काही मीटरच्या आत तापमान झपाट्याने उतरते. सॅमनला अकरा ते तेरा अंशांचे पाणी मानवते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तो पंधरा, पंचवीस, कधी चाळीस मीटर खाली उतरतो. वारा फिरला की हा थर एका रात्रीत वर-खाली होतो. काल वीस मीटरवर सापडलेला मासा आज तिथे असेलच असे नाही.

कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीच्या वर शिसे बांधतो आणि दोरी तळाशी सोडतो. थांबलेल्या होडीतून ते जमते. सॅमनची मासेमारी चालत्या होडीतून होते. ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने आमिष ओढत न्यायचे असते, कारण सॅमन पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. चालत्या होडीमागे दोरी पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाते. तिला वीस मीटर खाली ठेवायचे तर एवढे शिसे लागते, की मासा लागल्यावर माणूस माशाशी झुंजतो की शिशाशी, हेच कळू नये.

डाऊनरिगरने हे दोन भार वेगळे केले. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रेट लेक्सवर त्याचा प्रसार झाला आणि पुढे तो तिथल्या प्रत्येक मासेमारी होडीची खूण बनला. होडीच्या मागच्या बाजूला एक लहान रहाट बसवलेला असतो. त्याच्या आडव्या दांडीवरून मजबूत तार पाण्यात उतरते आणि तारेच्या टोकाला चार-साडेपाच किलोंचा शिशाचा गोळा असतो. गोळ्याजवळ एक क्लिप. गळाची दोरी त्या क्लिपमध्ये पकडायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. रहाटाजवळचा आकडा किती तार गेली ते दाखवतो. माशाने आमिष ओढले की क्लिप दोरी सोडते. मग गोळा आपल्या तारेवर राहतो, मासा आपल्या दोरीवर येतो, आणि हातातल्या काठीला फक्त माशाचे बळ जाणवते. म्हणजे इथे दोन दोर आहेत आणि त्यांची निवड अगदी उलट्या निकषांवर करावी लागते.

गळाच्या दोरीपासून सुरुवात करू. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात, तो नायलॉनचा एकसंध धागा इथे अजून टिकून आहे. 1935 मध्ये ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन शोधले आणि काही वर्षांतच त्याच्या मासेमारीच्या दोऱ्या निघाल्या. त्यानंतर पॉलिएथिलीनच्या अतिबळकट तंतूंची विणलेली दोरी आली. ती तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा कितीतरी बारीक असते आणि जवळजवळ ताणतच नाही. तळाशी गरवणाऱ्याला ती वरदान वाटते, कारण माशाने नुसते चाखले तरी बोटाला कळते. डाऊनरिगरवर हाच गुण अवगुण ठरतो. काठी वाकवून, दोरी ताणून ठेवलेली असते. मासा लागतो, क्लिप सुटते, काठी सरळ होत ढिली दोरी गोळा करते, आणि त्याच क्षणी सात-आठ किलोंचा चिनूक जातीचा सॅमन उलट दिशेने झेप घेतो. हा हिसका कोणीतरी पचवायला हवा. तंगूस ताणून तो पचवतो. विणलेली दोरी पचवत नाही, मग गळ माशाच्या जबड्यातून फाटून निघतो. शिवाय ती गुळगुळीत असल्याने क्लिपच्या जबड्यातून सरकते; तिला पीळ देऊन किंवा रबर गुंडाळून पकडावे लागते.

लेक मिशिगन आणि लेक ऑन्टारिओच्या मच्छीमारांकडे तंगूस वापरण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते दुकानातल्या वेष्टनावर छापलेले नसते. 1998 मध्ये ऑन्टारिओत आणि पुढच्याच वर्षी मिशिगनमध्ये एक पाहुणा जीव सापडला, गळाच्या आकाराची शेपटी असलेला पाणपिसू. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या परिसरातून तो जहाजांच्या पोटातल्या पाण्यासोबत आला. त्याच्यासारखाच लांब काटेरी शेपटीचा दुसरा पिसू 1980 च्या दशकातच येऊन बसला होता. ऑगस्टच्या सुमारास हे जीव एवढे माजतात, की पाण्यातून ओढलेल्या दोरीवर त्यांचे ओल्या कापसासारखे लगदे चढतात. ते काठीच्या कड्यांत अडकतात, दोरी पुढे गुंडाळता येत नाही आणि मासा लागलेला असताना माणूस हताशपणे नखांनी लगदा खरवडत बसतो. दोरी जितकी बारीक, तितके त्यांचे काटे तिला घट्ट अडकतात. म्हणून इथले अनुभवी लोक उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मुद्दाम तीस पाउंडांची जाड, गुळगुळीत दोरी भरतात. कोहोला एवढ्या ताकदीची गरज नसते, पण जाड दोरीवर पिसूंची पकड बसत नाही.

आमिषाजवळचा शेवटचा दीड-दोन मीटरचा तुकडा फ्लुओरोकार्बनचा लावतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या कुरेहा कंपनीने तो मासेमारीत आणला. त्यातून प्रकाश जवळपास पाण्यातून जातो तसाच वळतो, म्हणून तो माशाला कमी दिसतो. तो नायलॉनपेक्षा जड आणि घासण्याला चिवट आहे. पूर्ण रीळ त्याने भरणे म्हणजे पैशाची उधळपट्टी. टोकाशी तो हवाच.

आता दुसरा दोर, गोळा पेलणारा. इथे ताण मुळीच नको, कारण ताणलेली तार खोली खोटी सांगते. अनेक वर्षे हे काम गंज न चढणाऱ्या पोलादी तारेने केले. सात पेडांची, दीडशे पाउंडांची, म्हणजे जवळपास 68 किलो भार सोसणारी. ती घासण्याला पुरून उरते. पण तिला एकदा मुरड पडली की त्या जागी ती कमकुवत होते, आणि तिचा एखादा सूक्ष्म तंतू तुटून वर आला की तो हाताच्या तळव्यात सुईसारखा घुसतो. पाण्यातून जाताना ती गुणगुणते; त्या आवाजाने मासा बिचकतो, असे काही कप्तान ठामपणे मानतात. प्रशांत किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. खाऱ्या पाण्यात होडीचे धातू आणि पोलादी तार मिळून अशक्त विजेरी तयार होते. तारेभोवती निर्माण होणारा अर्ध्या-पाऊण व्होल्टचा दाब सॅमनला खेचतो किंवा पळवतो, असा ब्रिटिश कोलंबियातल्या जुन्या मच्छीमारांचा विश्वास आहे आणि तो दाब हवा तसा ठेवणारी उपकरणेही तिकडे विकली जातात.

विणलेल्या पॉलिएथिलीनच्या दोराने हे प्रश्न एका झटक्यात मिटवले. वीज नाही, गंज नाही, मुरड नाही. या तंतूचा उगम नेदरलँड्समधला. डीएसएम कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या शेवटी पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी पॉलिएथिलीनचे अतिलांब रेणू द्रावणातून ओढून एका दिशेला लावले आणि वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट बळकट धागा निघाला. डायनीमा या नावाने तो जगाला माहीत आहे. अमेरिकेत त्याचे भावंड स्पेक्ट्रा. तो पाण्यापेक्षाही हलका, पाण्यावर तरंगतो. डाऊनरिगरसाठी दोनशे-अडीचशे पाउंडांचा घेतात.

इथे बळाच्या मोहात पडणे सोपे असते. गोळा पाच किलोंचा, मग शंभर किलो सोसणारा दोर कशाला, आणि घ्यायचाच तर आणखी जाड का नको? उत्तर पाण्याच्या रेट्यात आहे. दोर जितका जाड तितका रेटा जास्त, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. तीस मीटर दोर सोडला आणि तो मागे रेटला जाऊन उभ्या रेषेशी तीस अंशांत कलला, तर गोळा प्रत्यक्षात सव्वीस मीटरवर असतो. तापमानाचा थर दोन मीटर जाडीचा असेल, तर या चार मीटरांत सगळा दिवस वाया जातो. म्हणून पेलवेल तेवढा बारीक दोर आणि जमेल तेवढा जड गोळा, हाच हिशेब योग्य.

विणलेल्या दोराचे वैरी लेक मिशिगनच्या तळाशी आहेत. 1990 च्या दशकात क्वागा नावाचे शिंपले आले आणि त्यांनी तळ मैलोन्‌मैल व्यापला. त्यांच्या कडा धारदार. गोळा तळाला लागून ओढला गेला की खालचा दोन-तीन मीटर दोर विसविशीत होतो. जागरूक कप्तान तेवढा तुकडा नियमित कापून टाकतात आणि गाठ नव्याने मारतात. ती गाठही साधी चालत नाही. या निसरड्या दोरावर ती आपोआप सरकून सुटते. दुमडून मारलेली पालोमर गाठ किंवा दोराच्या पोटात दोर ओवून केलेला जोड हवा. रहाटावरही तो पहिल्या फेऱ्यांत गरगर घसरतो, म्हणून तळाशी थोडी नायलॉनची दोरी आधी गुंडाळतात.

गोळा तळाशी अडकला तर काय? होडी पुढे चाललेली, इंजिन सुरू, मागून लाट येते आहे, आणि शंभर किलो ताण सोसणारा दोर होडीचा मागचा कोपरा खाली खेचतो आहे. लहान होडीत मागची कड पाण्यापासून फार उंच नसते. म्हणून रहाटाचा ब्रेक कधीही पुरता आवळत नाहीत. गोळ्याच्या वजनाहून थोडा अधिक ताण आला की तो घसरावा आणि दोर सुटत जावा, इतकाच घट्ट ठेवतात. काही जण गोळा आणि मुख्य दोर यांच्यामध्ये मुद्दाम कमी ताकदीचा तुकडा जोडतात. अडकल्यास गोळा जातो, बाकी सगळे राहते. शिवाय कापायचे साधन रहाटाजवळच हवे: पोलादी तारेला तार कापायची पक्कड, विणलेल्या दोराला धारदार सुरी. या दोन साधनांची अदलाबदल चालत नाही. पोलादावर सुरी फिरवणाऱ्याला हे कळेपर्यंत होडीत पाणी आलेले असते.

ही भीती काल्पनिक नाही. 28 फेब्रुवारी 2009 रोजी फ्लोरिडातल्या क्लियरवॉटरहून चार तरुण एकवीस फुटी होडीतून मेक्सिकोच्या आखातात मासेमारीला गेले. त्यांतले दोघे अमेरिकी फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते. किनाऱ्यापासून दूर त्यांचा नांगर तळाशी अडकला. तो सोडवण्यासाठी त्यांनी नांगराचा दोर होडीच्या मागच्या बाजूला बांधला आणि इंजिनाला जोर दिला. मागची बाजू खाली ओढली गेली, पाणी आत आले, होडी उलटली. तिघे गेले. एकटा उलटलेल्या होडीच्या बुडाला धरून तग धरून राहिला आणि 2 मार्चला तटरक्षक दलाला सापडला. फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांच्या चौकशीत कारण नोंदले गेले ते नांगर चुकीच्या जागी बांधल्याचे. चार धडधाकट माणसे आणि चांगली होडी होती. नांगराचा दोर कापला असता, तर एका नांगरावर भागले असते.

नांगर नेहमी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बांधतात. ते टोक निमुळते आणि उंच असते; लाट त्याला उचलते आणि दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. मागची बाजू सपाट, इंजिनाच्या वजनाने आधीच दबलेली. तिथे नांगर बांधणे म्हणजे लाटेला आत बोलावणे.

नांगराचा दोर मात्र ताणणारा हवा. नायलॉन इथे राजा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी भरलेली ग्लायडर विमाने ओढायला नायलॉनचे दोर वापरले गेले, कारण विमानाने हिसका दिला की ते ताणून तो पचवत. लाटेवर उसळणारी होडीही असाच हिसका देते. तिपेडी नायलॉन आणि त्याच्या टोकाला काही मीटर साखळी ही जोडी त्यासाठीच असते. साखळी नांगराची दांडी जमिनीलगत ठेवते, नायलॉन धक्का सोसते. डायनीमाचा दोर नांगराला लावणारे उत्साही लोक आहेत. लहान होडीसाठी हा निर्णय चुकीचा आहे, कारण न ताणणारा दोर प्रत्येक हिसका थेट नांगरापर्यंत पोहोचवतो आणि नांगर उपटतो.

दोर किती सोडायचा, याचा जुना नियम सातास एकाचा आहे. पाणी सहा मीटर खोल आणि नाळ पाण्याच्या वर एक मीटर असेल, तर एकूण सात मीटरांना सातपट, म्हणजे 49 मीटर. कमी सोडला तर दोर उभा होतो आणि नांगराला वर उचलतो. नांगराचे बळ वजनापेक्षा खेचण्याच्या कोनावर अधिक ठरते. केंब्रिजचे थोर भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर शिडाच्या होडीचे शौकीन होते. 1933 मध्ये त्यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा सीक्यूआर नांगर बनवला आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ तो सोसू शकतो, हे दाखवून दिले. प्रवाहांचे गणित मांडणाऱ्या माणसाने चिखलात रुतणाऱ्या लोखंडाकडेही तितक्याच गंभीरपणे पाहावे, याचे अप्रूप वाटते.

धक्क्याला होडी बांधतानाही नायलॉनच. जाडीचा रूढ अंदाज असा, की होडीच्या दर नऊ फूट लांबीमागे अष्टमांश इंच; सत्तावीस फुटी होडीला सुमारे दहा मिलिमीटर. त्याहून फार जाड घेतला तर तो ताणतच नाही आणि सगळा हिसका होडीवरच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, बसतो. पुढचा आणि मागचा दोर होडीला धक्क्याजवळ धरतात. पण होडीला पुढे-मागे सरकण्यापासून अडवतात ते तिरपे दोर, एक मागून पुढे आणि एक पुढून मागे ओढलेला. नवखा माणूस नेमके हे दोन विसरतो. दोर जिथे कडेवरून वळतो तिथे कापडी किंवा चामड्याचे आवरण गुंडाळतात, कारण भिजलेले नायलॉन आपल्या ताकदीचा काही भाग गमावते आणि घासणे सुरू झाले की एका वादळी रात्रीत तुटते.

दोर आणि जाळ्यांच्या या जगात महाराष्ट्रही आहे. 1976 मध्ये सुरू झालेली गरवारे कंपनी वाई आणि पुण्याच्या कारखान्यांत दोर आणि जाळी विणते आणि तिची जाळी परदेशांतल्या सॅमनपालनाच्या पिंजऱ्यांपर्यंत पोहोचली आहेत. बांधणीची समस्या मात्र दोन्हीकडे सारखी नाही. मुंबईच्या धक्क्यावर पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि मोठ्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, म्हणून तिथला तांडेल दोराला ढील ठेवूनच बांधतो. लेक मिशिगनला म्हणण्यासारखी भरती नाही. त्यामुळे तिथे माणूस बेसावध राहतो.

26 जून 1954 रोजी शिकागोच्या मॉन्ट्रोझ बंदराच्या धक्क्यावर माणसे गळ टाकून बसली होती. काही वेळापूर्वी सरोवरावरून जोरदार वादळाची रेषा सरकून गेली होती. तिने ढकललेले पाणी पलीकडच्या किनाऱ्यावर आपटून परत फिरले आणि शिकागोला सुमारे तीन मीटर उंच लाट येऊन धडकली. आठ जण वाहून गेले. आखूड, ताठ बांधलेल्या दोरांवर अशी लाट आली तर क्लीट उपटून निघतो किंवा होडी जागीच पाण्याखाली धरली जाते.

सरोवराची पातळी वर्षांच्या हिशेबानेही बदलते. जानेवारी 2013 मध्ये मिशिगन आणि त्याला जोडलेल्या ह्युरॉन या सरोवरांचे पाणी नोंदींतल्या नीचांकाला गेले होते. लोक होडीत उतरायला शिड्या लावत होते. 2020 मध्ये त्याच सरोवरांनी एकामागून एक महिन्यांचे उच्चांक मोडले, कित्येक पक्के धक्के पाण्याखाली गेले आणि तरंगते धक्के बसवलेल्या बंदरांची सोय झाली, कारण तिथे होडी आणि क्लीट एकत्रच वर येतात. पक्क्या धक्क्यावर होडी ठेवणाऱ्याला मात्र त्या हंगामात पाणी चढेल तसे दोर पुन्हा पुन्हा सोडून नव्या उंचीवर बांधावे लागले.